माझ्या नावावरची आकडी

अप्पा, काल तुमचा मुलगा बदलापूरच्या डॉक्टरीणबाईंसमोर खोटं बोलला, म्हणून लिहिते आहे. त्याच्या नातीला आकडी येते. घराण्यात आधी कुणाला होती का, असं बाईंनी विचारलं. "छे, आमच्यात असलं काही नाही," हा म्हणाला. आवाज थेट तुमचा.

अंबरनाथच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा माझ्या पाठच्या धाकटीचं नाव रेशनकार्डावर होतं, कारण तिच्या वाट्याची साखर तुम्हाला हवी होती. कारखान्याच्या दवाखान्याच्या कार्डावर मात्र ते तुम्ही घातलं नाही. साहेबाच्या घरात वाकड्या पायांची, आकडी येणारी पोर आहे हे लोकांना कळायला नको. शेवटी आईने तुम्हाला चोरून तिला दवाखान्यात माझ्या नावावर दाखवलं. गोळ्या मिळाल्या. महिनाभर आकडी नाही. धाकटी चुलीजवळ भिंतीला टेकून बसली आहे, स्वतःच्या हाताने पेज खाते आहे, निम्मी सांडते आहे आणि हसते आहे.

मग कंपाउंडरने तुम्हाला विचारलं, "साहेब, मोठीची आकडी कशी आहे?" तुम्ही बूट न काढता स्वयंपाकघरात आलात. "मोठीच्या नावावर फेफरं लिहून आणलंस? कोण करून घेणार हिला?"

"मग धाकटीचं नाव घाला की," आई म्हणाली.

"हो, दवंडीच पिटतो!"

उल्हासनगरच्या कॅम्पातली पापडवाली सिंधीण दारातच होती. तिचीही मुलगी तशीच. तिला कडेवर घेऊन ती कॅम्पच्या दवाखान्यात रांग लावायची. "भाभी, इसको भी दे दो, मैं ले जाऊँगी. लाइन में कैसी शरम?"

"निर्वासितांच्या रांगेत माझी मुलगी?" तुम्ही म्हणालात. तुमची मुलगी! तेवढ्यापुरती आठवली.

कार्डावरची माझ्या नावापुढची आकडीची ओळ तुम्ही लाल शाईने खोडलीत. गोळ्या बंद झाल्या. शिमग्याआधी धाकटी आकडीतच गेली, आणि भेटायला आलेल्यांना तुम्ही ताप सांगितलात. मेलेल्या पोरीचीही लाज वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एक मात्र तुम्हाला ठाऊक आहे, आणखी कुणाला नाही. आईने ते कार्ड तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. तुम्ही मागितलंत तेव्हा तिने ते काढून दिलं नाही. डबा मी उघडला. मलाही माझं नाव स्वच्छ हवं होतं.

आईमागे ते कार्ड तिच्या ट्रंकेत मिळालं. आज डॉक्टरीणबाईंच्या हाती दिलं. हे पत्र त्याच्या जागी ठेवते आहे. दिलं ते असं: जुनं कार्ड, एक. नाव माझं. आकडी धाकटीची. खोडलं तुम्ही, काढून दिलं मी.