भिंतीपलीकडची वाटी

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. आज तुझ्याशी बोलावंसं वाटलं ते प्रयोगशाळेतल्या एका रंगामुळं. मी काय काम करते, असं तू नेहमी विचारायचीस. मी सांगायचे, पेशीच्या आत छोट्या छोट्या खोल्या असतात, त्यातली एक आंबट असते. ती शेजारच्या खोलीकडं थोडंसं कॅल्शियम सोडते, मग ती शेजारीण स्वतःचं बरंच मोकळं करते. आंबटपणा बदलला की हे देणंघेणंही बदलतं. भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "म्हंजे आपलं अन् मावशीचंच की!" आपल्या अन् शेजारच्या मावशीच्या स्वयंपाकघराची भिंत एकच, तिच्यात तो आरपार कोनाडा. विरजण संपलं की तू लाटण्यानं भिंत वाजवायचीस आणि पलीकडून दह्याची वाटी यायची. दिवेलागण झाल्यावर मात्र मावशी विरजण देत नसे, लक्ष्मी जाते म्हणायची. तू चिडायचीस, "दही काय दिव्याला भितंय व्हय?" मग तुमचं कोनाड्यातूनच भांडण, आणि दूध तसंच पडून.

आता अणदूरच्या या घरात मी एकटीच राहते. सकाळी एसटीनं सोलापूरला जाते, संध्याकाळी येते आणि फ्रीजशी बोलते. हसू नकोस. इथं परत राहायला आले तेव्हा बरेच दिवस मी भिंत वाजवून पाहिली. कोनाड्यातून उजेड दिसायचा, उत्तर यायचं नाही. तू नाहीस म्हटल्यावर मावशीलाही मी कुणी उरले नाही, असं मी धरूनच चालले. मला लहानपणीच्या नावानं हाक मारणारं गावात तेवढं एकच माणूस होतं गं. फार लागलं मला. मग मी वाजवणं सोडून दिलं.

या आठवड्यात पेशींमध्येही तसंच झालं. आम्ही आत एक रंग सोडतो, कॅल्शियम आलं की तो उजळतो. पेशीतला आंबटपणा वाढवला तर रंग मंदावला. कॅल्शियम येणं थांबलं, असं मी लिहून मोकळी झाले. नंतर कॅल्शियम तेवढंच ठेवून नुसता आंबटपणा वाढवून पाहिला, तरी रंग मंदच. आंबटात तो रंगच फिका पडतो. पलीकडून हाक येत होती की नाही, हे मला त्यावरून कळणारच नव्हतं. हे ठाऊक असूनही मी विसरले होते.

घरी आले ती थेट मावशीच्या दारात. ती तूर निवडत बसली होती.

"ये गं बये! कवाची वाट बघायलेय. तू बोलंनाच झालीस. म्हनलं, लेकरू शिकून मोठं झालं."

मी हातानं भिंत वाजवल्याची खूण केली. तिनं कानाला हात लावला. "कान गेले माझे. आता भिंत पडली तरी कळायचं न्हाय."

दिवे केव्हाच लागले होते. ती उठली आणि वाटीत दही काढायला लागली. मी वरच्या बल्बकडं बोट दाखवलं.

"असू दे," ती म्हणाली. "आता तुजी आई न्हाय भांडायला."

मला रडू आवरलं नाही. तिलाही नाही.

वाटी आत्ता ओट्यावर झाकून ठेवलीय. हे लिहून झालं की कागद पिठाच्या डब्याखाली सारीन. आणि एक सांगते, तुझ्यापाशीच ठेव. घरात दूध नाही. कित्येक वर्षांत मी दही लावलेलंच नाही, विकतचं आणते. पण ती वाटी पुढं करत होती, आणि मला नको म्हणवलं नाही.