मोरीमागची निलगिरी

१० मार्च

चि. छोट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नेहमीसारखं पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत झाडच. निलगिरीची साल सुटते का, शेंडा खुडला का, पानांवर डाग आहेत का. कोपऱ्यात नानांना नमस्कार, तोही शाई संपत आल्यासारखा.

तर ऐक. साल सुटते, आणि सापाच्या कातीसारखी अंगणभर लोळते. पानं पन्हळीत कुजून त्यांचा काळा चिकट रेंदा होतो. वाळत घातलेल्या कपड्यांना सर्दीच्या मलमाचा वास लागतो. माझ्याकडे शिवायला टाकणाऱ्या बायका मापं देता देता विचारतात, घरात कोण आजारी आहे म्हणून.

आणि आता मोरी तुंबली आहे. पाणी जायचं सोडून वर येतं, आणि त्याच्याबरोबर काय काय वर येतं ते लिहवत नाही. प्लंबर म्हणाला, मुळं पाइपात शिरलीत. मोरीच्या मागेच लावा, सांडपाणी पिऊन टाकेल, डास होणार नाहीत, हे ज्ञान रोप पाठवताना तूच पाजळलं होतंस. डास आहेत.

तोडायचा विषय काढला की नाना खुर्ची उचलून झाडाखाली जाऊन बसतात. तू लिही त्यांना. लेकाचंच ऐकतील.

लोभ आहे. तो या मोरीत वाहून जाऊ नये, एवढंच बघ.
अक्का

२२ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं. तुझा राग लहानपणापासून नाकावरच. इथे नर्सरीत हंगामाची धांदल आहे. काचघरात पाय ठेवायला जागा नाही, रोपांचे ट्रे जिन्यापर्यंत आलेत, आणि मालकांना सगळं कालच हवं असतं. त्यामुळे यंदाही येणं जमेलसं दिसत नाही.

एवढं वाढलेलं झाड तोडू नका. कमरेएवढं ठेवून वरचं सगळं छाटा, म्हणजे नवी पालवी गोल आणि चंदेरी येते, फार देखणी दिसते. पाइपातली मुळं प्लंबरकडून कापून घे. छाटणी कशी करायची ते मागच्या पानावर लिहिलं आहे, नानांना वाचून दाखव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा छोटू

६ एप्रिल

चि. छोट्यास,
आशीर्वाद.

प्लंबर परत फिरकला नाही. शेवटी मीच हातमोजा चढवून पाइपात कोपरापर्यंत हात घातला. आतून निघाला तो मुळांचा गुंतवळ, न्हाव्याच्या दुकानातून झाडून आणल्यासारखा, आणि त्यात आमच्या घरची सगळी घाण अडकलेली. बादलीत टाकला तेव्हा मला तिथेच ओकारी झाली. दोन वेळा साबण लावूनही हाताला जेवणाचा घास धरवेना.

हे निस्तरायच्या आत नाना त्या पाण्यात घसरून पडले. हाड वाचलं, पण गुडघा भोपळ्यासारखा सुजला आणि चार दिवस मी त्यांना धरून नेत होते. मग माझी सहनशक्ती संपली. चालायला लागल्यावर ते दाढी करायला गेले, तेवढ्यात लाकूडतोड्याला बोलावून झाड बुंध्यापासून तोडून घेतलं. नाना परत आले, बुंध्याकडे पाहिलं आणि आत जाऊन झोपले. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही.

तुझी,
अक्का

१८ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फार वाईट वाटलं. विचारायला तरी हवं होतंस. बुंध्याला पुन्हा फुटवे येतील, ते येताच खुडत राहा, नाहीतर मुळं जगतील. नाना नाराज आहेत म्हणतेस, तर काळजी नसावी. कुंडीत राहणारी बुटकी जात आहे, तिचं रोप पार्सलने पाठवलं आहे. यावेळी मोरीपासून लांब ठेवा.

लोभ आहे तसाच राहू दे.
छोटू

२ मे

छोट्या,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तेव्हा तेवढे सोडून देते.

नाना पडले हे मी लिहिलं होतं. तुझ्या पत्रात बुंध्याचं काय करायचं ते आहे, गुडघ्याचं काय झालं ते नाही. मोरीत हात घातला तेव्हा आली नव्हती एवढी किळस मला ते वाचून आली.

पत्र नानांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलले. मी विचारलं, त्या घाणेरड्या झाडात तुमचा एवढा जीव का म्हणून. म्हणाले, त्याच्या वासाने त्यांचंही डोकं उठायचं. पण रोप यायच्या आधी छोट्याचं पत्र कुठे येत होतं. झाड गेल्यावर तो आता कशाबद्दल लिहील, याच काळजीने ते गप्प होते. तुझा राग यावा की त्यांची दया, मला कळेना. मी उठून मशीनवर जाऊन बसले.

पार्सल पोचलं आहे. रोप थोडं सुकलं होतं. नानांनी दुखऱ्या गुडघ्यावर बसून स्वतः कुंडी भरली. तुला विचारायला सांगितलंय, पाणी किती घालायचं. ते त्यांना तोंडपाठ आहे. तरीही सविस्तर लिही.

अक्का