गाडी गार होण्याविषयी

एका हातात ओलं पोतं, दुसऱ्या हातात गाडीच्या छताची कड, पोटाखाली तापलेला पत्रा आणि खाली शिडी धरून उभी असलेली तुमची बहीण. अशा अवस्थेत मी असताना खिशातला फोन वाजायला लागला. तो तुमचाच असणार हे न बघता कळलं. वैशाखातल्या भर दुपारी दुसरं कोणी फोन करत नाही. उचलला नाही. पोतं सोडलं असतं तर ते कमलाच्या डोक्यावर पडलं असतं, आणि कड सोडली असती तर मी. शिवाय फोनवर तुम्ही मध्येमध्ये हसता. पत्रात तशी सोय नाही. हसायचं झालं तर तुम्हाला वाचायचं थांबून हसावं लागेल, आणि माझं म्हणणं तिथंच तुमची वाट बघत उभं राहील. म्हणून हे पत्र. तुमची भाची करिष्मा उद्या सकाळी नंदिनी नगरच्या शाळेत शिकवायला येईल तेव्हा तुमच्या हातात देईल.

तर, आदरणीय देवाजीभाऊ, सविनय जयभीम. वहिनींच्या गुडघ्याची सूज मालिशने उतरली असेल अशी आशा आहे. खाणीची धूळ सुटून इतकी वर्षं झाली तरी तुमचा खोकला सुटत नाही, हे ऐकून वाईट वाटतं. (मोठ्याने हसल्यानं खोकला वाढतो, असं मी कुठेतरी वाचलं आहे. कुठे ते आठवत नाही, पण खरं असावं.) आम्ही सर्व कुशल आहोत. विक्की पुण्यात कुशल आहे आणि रोज संध्याकाळी फोनवरून मला सल्ला देतो. कमला कुशल आहे. तीच या पत्राचा विषय आहे.

रविवारी विहारात, वंदना संपल्यावर, सगळ्यांच्या चपला पायात जायच्या आत तुम्ही म्हणालात, "जवाईबापू, रेल्वेचा पास फुकटचा, डबा थंडा, अन् तुमी माह्या बहिणीले टिनाच्या डब्यात भाजून सारनाथले नेता?" लोक हसले. मीही हसलो, कारण चपला सापडत नव्हत्या. आता सापडल्या आहेत. पौर्णिमेला कमला सारनाथला जाणार, आणि माझ्याच गाडीतून जाणार. तुम्ही दुर्गहून जाणाऱ्या गाडीत तुमच्या तिकिटांसोबत तिचंही तिकीट काढून ठेवलंत, ही तुमची भावाची माया आहे, आणि मी तिचा मान राखतो. तो मान तुमच्या कपाटात राहू द्या.

तुम्ही विचाराल, रेल्वेत जन्म घालवलेला माणूस रेल्वेने का जात नाही. सांगतो. आम्ही दोघं पासावर नागपूरला किती वेळा गेलो, मोजलं नाही. दर वेळी दरेकसाचं जंगल आलं की कमला खिडकीच्या गजांना कपाळ लावून म्हणायची, इथं उतरता आलं असतं तर. तिथं काही नाही. एक नाला, मोठे दगड, पळस. मी म्हणायचो, एक्सप्रेस इथं थांबत नाही. ती म्हणायची, माहीत आहे. चरोद्याच्या यार्डात मी लाल झेंडी दाखवून कोळशाची अख्खी मालगाडी उभी केलेली आहे, आणि बायकोसाठी एक डबा उभा करता आला नाही. रिटायर झालो तेव्हा तिला म्हटलं, जिथं तू म्हणशील तिथं थांबेल अशी गाडी घेईन. ही ती गाडी. एका बंद पडलेल्या कंपनीची मिनीबस होती; सुपेल्याच्या राजदीपनं तिच्यात पलंग, ओटा, घडीचं टेबल आणि छतावर एसी बसवून दिला. (ती चालवणार कोण, हा तुमचा दुसरा टोमणा होता. चालकाची व्यवस्था माझ्या मनात पक्की आहे. त्याबद्दल शेवटी.)

राहिला प्रश्न एसीचा. तो गार करत नाही. हे मी लपवत नाही, कारण शेजारच्या केवलरामनं ते गल्लीत सगळ्यांना सांगितलेलं आहे. गेल्या उन्हाळ्यात कमलाला ऊन लागलं आणि सलाईनवर ठेवावं लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की पुन्हा असं होऊ देऊ नका. विक्कीनं त्यावरून अट घातली: पौर्णिमेआधी भर दुपारी गाडी आतून गार झाली तर आई तुमच्यासोबत, नाही तर मामासोबत रेल्वेने. मी अट मान्य केली. ती अन्यायाची नव्हती. उद्या ती मुदत संपते. कमलानं दोन पिशव्या भरल्या, एक गाडीसाठी आणि एक रेल्वेसाठी. दोन्ही दारात ठेवल्या आहेत. येता-जाता पायात येतात.

उपाय सगळे झाले. जाळी काढून धुतली. काचांना आतून चमकी कागद लावला. आता आत बसलं की आपण कोणाच्या तरी डब्यातली पोळी आहोत असं वाटतं. केवलराम म्हणाला (स्टील प्लांटमध्ये भट्टीवर होता, त्यामुळे उष्णतेवर आपला हक्क आहे असं तो समजतो) की कूलरसमोरची खिडकी उघडी नसली तर हवा दमट होते, म्हणून खिडकी उघडली. विक्की फोनवर ओरडला, म्हणून बंद केली. केवलराम म्हणाला व्होल्टेज कमी आहे, म्हणून घराची लाईन सोडून गाडीच्या जनरेटरवर लावलं. एसी अगदी शहाण्यासारखा सुरू व्हायचा, थोडा वेळ गार फुंकायचा, मग आतून खट् असा आवाज यायचा आणि नुसता पंखा फिरत राहायचा, सुपेल्याच्या चौकातला वारा आत घ्यावा तसा.

माझ्या पद्धतीची तपासणी तर मी या सगळ्याआधी, गाडी घरी आली त्याच दिवशी केली होती. यार्डात गाडी आली की आम्ही प्रत्येक चाकाच्या आसाला उलट्या हातानं शिवायचो. हात मागे आला की समजायचं, हा डबा तापला आहे. छतावर चढून एसीच्या पेटीला उलटा हात लावला. हात मागे आला. निदान झालं. यार्डात तापलेला डबा कापून बाजूला काढतात, पण हा कापता येत नाही, म्हणून गार करायचा. माठाला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार होतं, हे तुमच्या आईनंच मला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दाखवलं होतं. मी धानाच्या बारदान्याचं मोठं पोतं घेतलं, भिजवलं, आणि एसीवर चारी बाजूंनी घट्ट बांधलं. तेव्हापासून रोज सकाळ-दुपार ते ओलं करतो. पाणी कमला खालून देते. एवढी सेवा माणसांनाही मिळत नाही. तरी गाडी गार नाही.

मेकॅनिक बोलावला नाही असं समजू नका. शुभंकर नावाचा पोरगा, पॉवर हाऊस चौकात दुकान. आम्ही रेल्वेची माणसं. तपासायला कोणी येणार म्हटलं की रुळाकडेच्या दगडांनाही चुना लावतो. तो येण्याआधी मी छत झाडलं, पुसलं, आणि ते पोतं काढून न्हाणीघरात लपवलं (करिष्मा म्हणाली होती की त्या पोत्यामुळे गाडीचं डोकं दुखतंय असं दिसतं). शुभंकर आला, एसी लावला, हात धरला आणि म्हणाला, "अंकल, बर्फ जैसा चल रहा है." खरंच तसा चालत होता. तो गेला, मी पोतं परत बांधलं, आणि एसी परत मेला. पुन्हा बोलावलं. पुन्हा छत पुसलं, पोतं लपवलं, पुन्हा बर्फ. गॅस बरोबर, कॉइल बरोबर, सगळं बरोबर. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं एसीऐवजी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की घरात दुसरं कोणी आहे का. दातदुखी डॉक्टरच्या दारात थांबते तसा हा प्रकार आहे. काही यंत्रं माणूस ओळखतात. मी हार मानलेली नाही. हे पत्र मी त्याच गाडीत, त्याच घडीच्या टेबलावर, डोक्यावर ताजं भिजवलेलं पोतं असताना लिहितो आहे. जनरेटर चालू आहे. कागद मनगटाला चिकटतो आहे. अक्षर फुटलं असेल तर तो घाम आहे, दुसरं काही समजू नका. आणि मी तुम्हाला सांगतो, देवाजीभाऊ, की उद्या दुपारपर्यंत

इथं थांबावं लागलं. अंधड आला. आधी नंदिनीच्या बाजूचं आभाळ विटेसारखं झालं, मग धूळ, मग सगळ्या गल्लीचे पत्रे वाजले. घरांची लाईट गेली. कमला वाळवणाचं परातभर काहीतरी पदराखाली घेऊन धावत आली आणि घराऐवजी गाडीत शिरली, कारण गाडी जवळ होती. दार ओढून घेतलं. वर काहीतरी फाटल्यासारखं झालं, काचेसमोरून एक मोठी काळी वस्तू गेली आणि केवलरामच्या मुनग्याच्या झाडात जाऊन अडकली. ते माझं पोतं होतं. आम्ही दोघं बसून राहिलो. बोलणं ऐकू येण्यासारखं नव्हतं. अंधड निघून गेला, ऊन परत पडलं, पाणी काही आलं नाही. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की कागद मनगटाला चिकटत नाही. आणखी थोड्या वेळानं कमलानं पदर खांद्यावरून ओढून घेतला. खट् असा आवाज झालाच नाही. गाडी गार होत होती.

पोतं उडालं. गाडी गार झाली. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला तुम्ही मोकळे आहात. मी अंधडाला श्रेय देतो; हवा स्वच्छ करून गेला.

मी कमलाकडे बघितलं. ती परातीकडे बघत होती. मी म्हटलं, पोत्यामुळे होत होतं की काय. ती म्हणाली, "तोंडावर ओलं पोतं बांधलं तर कोणाचा जीव गुदमरत नाही?" मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे. तर दुसऱ्यांदा शुभंकर आला तेव्हापासून. पोतं काढलं की चालते, बांधलं की मरते, हे पाणी देणाऱ्या माणसाला दिसतंच. मग बोलली का नाही, असं मी जरा जोरात विचारलं.

"मले वाटलं तुमाले माहीत हाय," ती म्हणाली. "जलमभर गरम डबे ओळखले तुमी. तुमाले कसं नाही समजणार? मले वाटलं, मले न्यायचंच नसन. म्हणून बांधून राहिले."

देवाजीभाऊ, मी पुष्कळ माणसांशी भांडलो आहे. युनियनमध्ये, यार्डात, तुमच्याशी तर लग्नाच्या दिवसापासून. इथं भांडायला जागा नव्हती. इतके दिवस ती मला खालून पाण्याची बादली देत होती, आणि प्रत्येक बादलीला तिला वाटत होतं की मी तिला नको म्हणतो आहे. तरीही देत होती. मी म्हटलं, मला खरंच समजलं नव्हतं. मग परात बाजूला ठेवून ती इतकी हसली की मला तुम्ही गाडीत आल्यासारखं वाटलं. तुमच्या घरातलं हसणं सगळ्यांचं सारखंच आहे.

केवलराम पोतं परत द्यायला आला होता. घेतलं नाही. त्याला म्हटलं, भट्टीवर बांध.

तेव्हा ठरलं. विक्कीची अट पूर्ण झाली आहे. कमला माझ्या गाडीतून जाईल. मी झुकलो नाही, याची विहारात नोंद व्हावी. वहिनींना जयभीम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
जानराव

ता. क. चालकाच्या व्यवस्थेबद्दल सांगायचं राहिलं. मला गाडी चालवता येते. मैदानात मी ती पुढे चांगली नेतो. मागे मात्र ती येत नाही, आणि वळवण्याबद्दल तिचं आणि माझं एकमत नाही. सुपेल्याहून घरापर्यंत राजदीपनं आणून दिली होती, हे केवलरामला माहीत नाही. तुम्ही खाणीच्या तळातून दगडांनी भरलेले डंपर वर आणत होता. ही गाडी त्यापुढे काहीच नाही. हा तुमच्यावर उपकार नाही आणि माझी विनंतीही नाही. बहीण तुमची आहे. पलंग तीन आहेत, ओट्याखालचा चौथा माझा. वहिनींसाठी खिडकीजवळचा ठेवला आहे. रेल्वेची तिकिटं परत करावीत, नाही तर कोणा गरजूला द्यावीत.

दुसरा ता. क. वाटेत कमला जिथं म्हणेल तिथं गाडी थांबवायची, एवढी एकच अट. कारण विचारायचं नाही. तिथं काही नसलं तरी.

तिसरा ता. क., सकाळी. करिष्मा चप्पल घालते आहे. तुमची बहीण उजाडल्यापासून गाडीत बसून आहे. एकच पिशवी घेतली आहे. दार लावलं आहे, एसी चालू आहे. आत्ताच काच वाजवून तिनं शाल मागितली.