यांच्या कोटाला कसर

१२ जून १९४४, मेडशी
भोक! यांच्या काळ्या लोकरी कोटाच्या कोपराला. तांदळाच्या दाण्याएवढं. संदूक उघडली तशी दोन पिवळट, नखाएवढी पाखरं निघाली आणि उजेडाकडे यायचं सोडून सरळ घड्यांच्या अंधारात पळाली. एक मारलं. बोटाला सोनेरी भुकटी लागली.

दीड वर्षापूर्वी पल्टनीत जाताना हाच कोट अंगात होता. तिथे सरकारी कपडे मिळतात म्हणून वाशीम टेशनवरून काढून परत पाठवला, घामाचा ओलावा तसाच. आत्याबाईंनी लेकाचा कोट हुंगला आणि संदुकीत ठेवला. माणूस गावाला गेला की त्याचा अंगचा कपडा तो येईस्तोर धुवायचा नाही — "धुतला का त्याची वाट पुसली!" अहो, गावाला म्हणजे रिसोडला, अकोल्याला! हे ब्रह्मदेशात लढाईवर आहेत! सासू आहे म्हणून तोंड मिटलं. पण खरं लिहायचं तर धुवायला माझाही हात झाला नाही.

१५ जून
जानराव शिंप्यांना गुपचूप विचारलं. म्हणाले, "पाखरू खात नाही माय. त्याच्या अळ्या खातात. अन् मळकी लोकर त्यायले लय आवडते. घामाची जागा आधी."

उपाय काय, तर आधी धुवा, मग कडक ऊन द्या, मग निंबाचा पाला घाला. आधी धुवा! म्हणजे आम्ही दोघींनी जपून जपून त्या अळ्यांनाच जेवायला वाढलं.

१८ जून
आत्याबाई शेतात गेल्या तेव्हा कोट पुरा उलगडला. बारीक बारीक नळ्या चिकटलेल्या, कोटाच्याच लोकरीच्या. एक फोडली. आत पांढरी अळी, डोकं तपकिरी.

छातीवर भोक आहे. डाव्या बाजूला, खिशाच्या वर. गोळी तिथेच लागते का?

काहून लिहिलं मी असं! देवा, माझ्या लेखणीला आग लागो. चैत्रापासून पत्र नाही म्हणून डोकं असं चालतं. पाला घातला आणि झाकण लावलं.

२६ जून
संदुकीला कुलूप! किल्ली आत्याबाईंच्या कनवटीला. म्हटलं, "कोटाले कसर लागली, उन्हात तरी टाकू द्या." मला वाटलं आता माझ्या माहेरापर्यंत उद्धार होणार. तर हळूच म्हणाल्या, "खाऊ दे. तू हात लावू नको त्याले."

सांडलेला ज्वारीचा दाणा बोटानं टिपणारी ही बाई. लेकाचा कोट खाऊ दे म्हणते! ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

३ जुलै
टपालवाले बबनराव दिसले. "पत्र?" "नाही वैनी." मान वरही केली नाही. आधी दारात चहा पिऊन लढाईच्या गप्पा हाणत. हल्ली मारुतीच्या देवळामागून जातात, आमचं दार टाळून. मी काय त्यांना खाते?

११ जुलै
स्वप्नात यांच्या अंगावर तोच कोट. पाठमोरे. पाठीला भोकंच भोकं. हाक मारली तर पाखरं उडाली.

२४ जुलै
उद्या नागपंचमी. आत्याबाईंनी स्वतः कासारीण बोलावली. मला हिरव्या बांगड्या, एकेका हातात डझन! मागल्या वर्षी चार-चारवर भागवलं होतं. मी म्हटलं, "एवढ्या कायले?" तर कासारणीलाच म्हणाल्या, "भर तू. माह्या फोडल्या तवा मले बाविसावं होतं. एक दिवस जास्त कोणी घालू देल्ल्या नाहीत."

मीही बाविसाचीच आहे. जेवण गेलं नाही.

रोज सकाळी माझं कपाळ न्याहाळतात. "मोठं लाव कुंकू." लाड करून राह्यल्या माझे! हे लाड मला नकोत. मला भीती वाटते त्यांची.

२ ऑगस्ट
संदुकीच्या फटीतून पाखरं निघतात. आज सात. मारत नाही आता.

९ ऑगस्ट
आत्याबाई तापानं फणफणल्या. काढा दिला, तोही उलटला. पण किल्ली मुठीत. उद्या ऊन पडलं तर कोट काढणारच. त्यांनी मारलं तरी चालेल.

१० ऑगस्ट
दुपारी त्यांची मूठ सैल झाली. किल्ली घेतली. कोट उचलला तर पाठीची चाळण. आतल्या खिशात कागद. सरकारी, छापील. टपालाचा शिक्का २५ जूनचा. कुलूप लागलं त्याच्या आदल्या दिवसाचा.

मारोतराव. हे नाव मी कधी घेतलं नाही, आज लिहिते. मारोतराव लढाईत कामी आले.

कागद होता तिथे ठेवला. कोटाची तीच घडी घातली. बांगड्या वाजू नयेत म्हणून हात पोटाशी धरून कुलूप लावलं, किल्ली त्यांच्या मुठीत ठेवली. त्या जाग्या झाल्या. माझ्या कपाळाकडे पाहत राहिल्या.

"घामानं पुसट झालं वं कुंकू. लाव."

लावलं.