चकाकती मंडळी सांत्वनाला

१२ मार्च

ती. ताईस, धाकट्याचा नमस्कार.

आई गेल्यानंतर आज प्रथमच रंगाच्या कारखान्यात कामावर गेलो. लेप दिलेले अभ्रकाचे बारीक पापुद्रे साखरेच्या पाकात घोळवून बंद भट्टीत घातले. आत हवा नसली की साखरेचा कोळसा होतो आणि चंदेरी-करडा रंग तयार होतो. मी झाकण लवकर उघडलं. कोळसा जळून गेला, सगळा घाणा पांढराफटक निघाला.

मुकादम एरवी सात पिढ्यांचा उद्धार करतो. आज म्हणाला, "होतं असं." तेव्हा कुठे आई गेल्याचं मला खरं वाटलं.

संध्याकाळी तो चौघांना घेऊन सांत्वनाला आला. थेट कामावरून आल्यामुळे सगळे अभ्रकाच्या भुकटीने नखशिखांत चकाकत होते. माना खाली घालून बसले, तर वरातीतले बँडवाले पंगतीची वाट बघताहेत असं वाटलं.

"आई कशी होती रे?" मुकादमाने विचारलं. मी तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. थांबेना. रडतोय समजून सगळ्यांनी पाठीवर हात फिरवले.

ताई, डोळ्यांतून अजून टिपूस आलेलं नाही, आणि हसलो मात्र. रागावलीस का? आई रागावली नसती, असं वाटतं. तू वेळेवर जेवतेस ना? मी जेवतो.

ते गेल्यावर सतरंजीवर पाच चंदेरी बैठका उमटलेल्या होत्या, मुकादमाची सर्वांत ऐसपैस. केरसुणी घेऊन एकेक झाडली.

तुझा,
धाकटा