पिशवीचं दूध आणि भोवरे

बुधवार, संध्याकाळ. चिकलठाणा.

आज पुन्हा तेच डोक्यात. नदीत मोठा भोवरा फुटून लहान होतो, लहान फुटून आणखी लहान, आणि प्रवाहाचा जोर असाच पुढं पुढं वाटला जातो. जाग्या मेंदूतही तसंच काहीसं चालतं, बेशुद्धीत मंदावतं. विद्यापीठात दिवसभर मी त्याचेच आलेख बघते.

म्हणूनच आत्याचं बोलणं एवढं लागलं. मेंदूचा झटका आल्यापासून माझे वडील, अण्णा, गप्पच. वैजापूरहून त्यांना बघायला आलेली आत्या सकाळी म्हणाली, "लई शांत झालाय गं दादा. बरंच झालं." सगळा जन्म मेंढरांमागं गेला त्यांचा. पिशवीच्या दुधावरून रोज भांडायचे. आता त्याच दुधाचा चहा मुकाट पितात. शांत? साचलेलं डबकंही शांतच असतं.

आणि मघाशी आत्यानं चहाची बशी पुढं केली, तर अण्णांनी ती बाजूला सारली. जीभ जड, तरी बोलले, "हे... दूध नाय. पाणी हाय."

आत्या घाबरली. "चिडला की गं!"

"व्हय, चिडले," म्हटलं. हसू काही आवरेना.

उद्याही मुद्दाम पिशवीचंच दूध आणणार आहे.