बहात्तर ठोके

३ तारीख, सोमवार
लागले बाई एकदाची कामाला! दवाखान्याचा तिसरा मजला, दाराला लागूनच, दाराकडे पाठ केलेली माझी खुर्ची, आणि समोरच्या स्क्रीनवर घरोघरच्या चाळीस पेशंटांची नाडी. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा. आकडा लाल झाला की मी फोन करून विचारायचं, आजोबा, जिना चढलात ना? चढलेलेच असतात! माझ्या आईचं हृदयही नाजूक, तर तिलाही पट्टा मिळणार. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

५ तारीख, बुधवार
नवा पट्टा यायला महिना लागेल म्हणे. खणात मात्र परत आलेला सतरा नंबरचा नुसता पडून. मोठ्या सिस्टरांनी बजावलं, तो कुणाला द्यायचा नाही. तो घालणारे मास्तर सकाळीच गेले होते, पण स्क्रीनवर संध्याकाळपर्यंत बहात्तर ठोके दिसत राहिले, म्हणून कुणी फोनच केला नाही. बॅटरीचा घोळ, दुसरं काय! मी गुपचूप घरी नेला, स्पिरिटने पुसला आणि आईला बांधला. महिनाभर कोण जीव टांगणीला लावून बसणार?

७, शुक्रवार
आई पट्टा मिरवत मला डबा द्यायला चालत आली. पट्टा पावलंही मोजतो: घरापासून माझ्या खुर्चीपर्यंत अकराशे चाळीस. जिना चढून बिचारीला अशी धाप लागली! मी बोटांनी नाडी मोजली, एकशे दहाच्या वर. स्क्रीनवर बहात्तर.
नसती आफत ओढवून घेतली की काय मी.

९, रविवार
आई आंघोळीला गेली, पट्टा टेबलावर. मोबाइलवर सहज पाहिलं. बहात्तर. आणि पावलं वाढत होती. चार, पाच, सहा. पट्टा जागचा हललासुद्धा नव्हता. पाचावर धारण बसली माझी.
तिने तो पुन्हा बांधला. मी ओढून काढायला गेले तर बक्कल सुटेना. आई हसली, म्हणाली, राहू दे गं, हात कसा गार वाटतो. उद्या सिस्टरांना सगळं सांगते. खाईन शिव्या.

१०, सोमवार, सकाळी अकरा
सिस्टर रजेवर. आई फोन उचलत नाही. स्क्रीन हिरवा. बहात्तर.

साडेअकरा
शेजारच्या काकूंना घरी पाठवलं. त्या फोनवर रडतच होत्या. आई खुर्चीत, थंडगार. पुढ्यात माझा भरलेला डबा. सकाळीच कधीतरी — खरा आकडा दिसला असता तर मी लगेच — मीच बांधला तो. माझ्या हाताने.

पावणेबारा
निघणारच होते. सतराची पावलं सुरू झाली.
काकूंचा पुन्हा फोन. डॉक्टरांना बोलवायला त्या खाली गेल्या होत्या. वर येऊन बघतात तर खुर्ची रिकामी. दार सताड उघडं. डबाही जागेवर नाही —

नऊशे. ठोके बहात्तर.

जिना. आईला जिन्यावर धाप लागते. आता धाप नाही. नुसती पावलं —
या खोलीला दुसरं दार नाही

अकराशे छत्तीस. मी मागे बघणार नाही. आई, चुकलं गं माझं — डब्याची कडी वाजतेय, अगदी पाठीशी —
अकराशे एकोणचा